एकवीस दिवसांची सुई

बाटली अंगठ्याएवढी. आत तळाशी पिठीसारखी पांढरी पावडर, तोंडाला रबरी बूच, त्यावर पत्र्याची टोपी. सिस्टर टोपी उचकटतात, बुचातून डिस्टिल्ड वॉटर आत सोडतात आणि बाटली दोन्ही तळव्यांत धरून रवी फिरवावी तशी फिरवतात. पावडर विरघळत नाही. कितीही फिरवली तरी नाही. पाणी दाट दुधासारखं पांढरं होतं आणि बाटली जरा वेळ टेबलावर राहिली की तळाशी पुन्हा साका धरू लागतो. म्हणून पुढचं सगळं घाईने. बारीक सुईत हे दूध अडकतं, तेव्हा जाड सुई लावायची. मूल पालथं, आई डोक्याशी, कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात सुई खोल मांसात. दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येत नाही ना हे पाहायचं आणि मग न थांबता, पण न रेटता औषध आत सोडायचं. मध्येच सुई चोंदली तर दुसरी लावून पुन्हा टोचायचं. तो क्षण पोराला, आईला आणि सिस्टरला सारखाच नकोसा असतो.

केसपेपरवर या औषधाचं नाव बेंझाथीन पेनिसिलीन. दवाखान्यात त्याला ‘पेनिड्यूर’ म्हणतात. खरं तर तो एक ब्रँड, पण झेरॉक्ससारखा तो वस्तूलाच चिकटला. मी ज्या तालुक्याच्या गावी उमेदवारी केली तिथल्या आया म्हणायच्या, ‘एकवीस दिवसांची सुई’. तिन्हींत हेच नाव मला नेमकं वाटतं, कारण औषधाचा खरा गुण त्यात आला आहे. उमेदवारीत मात्र माझी समजूत वेगळी होती. मला वाटायचं, कंपनीने हे औषध धड बनवलेलंच नाही. इतर सगळी इंजेक्शनं पाण्यात स्वच्छ विरघळतात, हेच एक खडूच्या पाण्यासारखं. विरघळत नाही यातच त्याचं सगळं मोल आहे, हे कळायला मला पुढे बरीच पानं उलटावी लागली.

पेनिसिलीनची जन्मकथा बहुतेकांना पाठ असते: 1928, लंडनचं सेंट मेरीज हॉस्पिटल, अलेक्झांडर फ्लेमिंग, बुरशी लागलेली बशी. ती पुन्हा सांगत नाही. आपल्याला हवी असलेली गोष्ट 1941ची आहे आणि तिच्यातलं खलपात्र आहे मूत्रपिंड.

ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरीत अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा पोलीस शिपाई जंतुसंसर्गाने मरणपंथाला लागला होता. गुलाबाचा काटा लागल्याचं निमित्त झालं असं पाठ्यपुस्तकं सांगत आली. बॉम्बहल्ल्यात झालेली जखम होती, असं त्याच्या घरच्यांचं म्हणणं. चेहराभर पू, एक डोळा काढून टाकलेला. हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी महिनोन् महिने बुरशी पोसून जे चमचाभर पेनिसिलीन गोळा केलं होतं, ते 12 फेब्रुवारीपासून त्याला दर तीन तासांनी देऊ लागले. एका दिवसात ताप उतरला, माणूस जेवू लागला. पण दिलेलं औषध शरीरात ठरत नव्हतं. पेनिसिलीन रक्तात आलं की मूत्रपिंड ते नुसतं गाळून टाकत नाही, ओढून बाहेर फेकतं. अर्ध्या तासात निम्मं औषध रक्तातून गेलेलं असतं. फुटक्या माठात पाणी भरावं तसला प्रकार. मग त्या मंडळींनी काय करावं? अलेक्झांडरची लघवी गोळा करायची, प्रयोगशाळेत न्यायची, तिच्यातून पेनिसिलीन परत काढायचं आणि पुन्हा त्यालाच टोचायचं. तरीही साठा संपला. दुखणं उलटलं आणि 15 मार्चला तो गेला.

पुढच्या तीन-चार वर्षांत अमेरिकेत पेनिसिलीन टनावारी बनू लागलं आणि साठ्याची चिंता मिटली. मूत्रपिंड मात्र तेच राहिलं. दर तीन-चार तासांनी, रात्री-अपरात्री उठवून सुई. रोगी दवाखान्यात अडकलेला, नर्स सुयांमध्ये.

यावर दोन बाजूंनी विचार झाला. एक, मूत्रपिंडाचा दरवाजा अडवायचा. प्रोबेनेसिड नावाचं औषध त्यातूनच निघालं. पुढे ते वातरक्ताच्या रोग्यांच्या कामी आलं, ही त्याची वेगळी कथा. दोन, औषध रक्तात उतरण्याचा वेगच कमी करायचा. 1944 साली अमेरिकी सैन्यातल्या मन्रो रोमान्स्की यांनी पेनिसिलीन चक्क शेंगदाण्याच्या तेलात आणि मधमाशीच्या मेणात कालवलं. आपल्याकडच्या एखाद्या वैद्यबुवांनी ऐकलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती. मेणामुळे औषध दिवसभर झिरपत राही, पण टोचण्याआधी ते गरम करून पातळ करावं लागे आणि टोचल्या जागी गाठी येत. त्यानंतर आलं प्रोकेन पेनिसिलीन, एका सुईत एक दिवस. तेही ॲल्युमिनियमच्या साबणासारख्या क्षारासह तेलात घातलं की तीन-चार दिवसांची मजल जाई.

आणि 1951 साली अमेरिकेतल्या वायेथ कंपनीच्या रसायनज्ञांनी पेनिसिलीनची गाठ डायबेंझिलइथिलीनडायअमीन नावाच्या एका बेसशी मारली. नाव जिभेवर बसत नाही म्हणून ‘बेंझाथीन’. त्याला दोन हात. प्रत्येक हाताने तो पेनिसिलीनचा एकेक रेणू धरतो. तयार होणारा क्षार पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. मांसात सोडला की तिथेच स्फटिकांचा लहानसा साठा होऊन बसतो आणि त्यातून कणाकणाने साधं पेनिसिलीन सुटत राहतं. साधं पेनिसिलीन म्हणजे चहातली साखर, दोन ढवळ्यांत गेली. हे म्हणजे सुपारीचं खांड. गालात धरलं की फाट्यावरून गावापर्यंत रस देत राहतं. मूत्रपिंड इथेही आपलं काम चोख करतं, रक्तात आलेलं औषध अर्ध्या तासात निम्मं फेकतंच. फक्त मागून थेंब येत राहतो. दोन ते चार आठवडे.

अर्थात थेंब तो थेंबच. रक्तातली पातळी इतकी कमी असते की न्यूमोनिया किंवा मेंदूज्वराच्या रोग्याला त्यावर विसंबून ठेवणं म्हणजे त्याला मारणं. मग इतक्या क्षीण औषधाचा उपयोग काय? इथे पेनिसिलीनची कामाची पद्धत लक्षात घ्यावी लागते. जंतू वाढताना आपल्याभोवती भिंत बांधत असतो. पेनिसिलीन गवंड्याचा हात धरतं. अर्धवट बांधलेल्या भिंतीसह जंतू फुटतो. बांधकाम चालू नसेल तर पेनिसिलीनला काही करता येत नाही. म्हणून औषध किती आहे यापेक्षा किती वेळ हजर आहे, याला जास्त महत्त्व. जंतू पेनिसिलीनला अगदी हळवा असेल आणि एक तर संथ असेल, नाहीतर कधी येईल याचा नेम नसेल, तर थेंबथेंब पहारा हाच उत्तम. असे दोन जंतू आहेत. बेंझाथीनची सारी कारकीर्द या दोघांभोवती फिरते.

पहिला, घशातला स्ट्रेप्टोकोकस, ‘ग्रुप ए’. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांचा घसा त्याने धरला की चार-सहा दिवस ताप, गिळताना दुखणं, आणि मग औषध घेतलं न घेतलं तरी मूल बरं. आई विसरून जाते. दोन-तीन आठवड्यांनी एक गुडघा सुजतो, लाल होतो, हात लावू देत नाही. दोन दिवसांत तो उतरतो आणि दुसरा घोटा धरतो. याला र्‍हुमॅटिक फीवर म्हणतात, मराठी पुस्तकांत संधिवातज्वर. नावाने सगळ्यांची फसगत केली आहे. सांधे दुखतात, ठणकतात, पण कोणतीही खूण न ठेवता पूर्ण बरे होतात. हृदयाला मात्र तो विसरत नाही. जंतूच्या अंगावरची काही प्रथिनं हृदयाच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की जंतूवर सोडलेली शरीराची फौज हृदयाच्या झडपांवरही चालून जाते. डाव्या बाजूची मायट्रल झडप सुजते, मग जाड होते, कडा एकमेकींना चिकटतात. घशाच्या प्रत्येक नव्या संसर्गाबरोबर हल्ला पुन्हा होऊ शकतो आणि प्रत्येक हल्ल्यागणिक झडप आणखी बिघडते.

घसा दुखणाऱ्या सगळ्याच मुलांना हे होत नाही, शंभरांतल्या फार तर तिघांना आणि तेही साथीत. पण एकदा ज्याला झालं त्याला पुन्हा होण्याची शक्यता कितीतरी जास्त. म्हणून त्याच्या घशात हा जंतू मुळात रुजूच द्यायचा नाही, हा उपाय.

घशातला जंतू पेनिसिलीनने मारला तर र्‍हुमॅटिक फीवर टळतो, याचा पुरावा सैन्याच्या बराकींतून आला. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या वॉरन तळावर गच्च भरलेल्या बराकी, कडाक्याची थंडी आणि घशाच्या साथी. तिथे चार्ल्स रॅमेलकॅम्प यांच्या गटाने 1949मध्ये घसा दुखणाऱ्या सैनिकांचे दोन भाग केले. 798 जणांना टिकाऊ पेनिसिलीन दिलं, त्यांतल्या 2 जणांना र्‍हुमॅटिक फीवर झाला. 804 जणांना दिलं नाही, त्यांच्यात 17. (आजच्या कोणत्याही नीतिसमितीने हा प्रयोग होऊ दिला नसता, आणि तो झाला नसता तर आपण अजून वाद घालत बसलो असतो.) अमेरिकी रंगरुटांना भरतीच्या वेळी आजही बेंझाथीनची सुई देतात. त्यांच्या बोलीत तिचं नाव ‘पीनट बटर शॉट’. दाटपणावरून पडलेलं नाव, आणि टोचल्यावर बसता येत नाही हा त्यातला न बोललेला भाग.

बेंझाथीन बाजारात आल्यावर लगेच, 1952 साली, न्यूयॉर्कजवळच्या अर्व्हिंग्टन हाऊसमध्ये जीन स्टोलरमन यांनी ते र्‍हुमॅटिक मुलांना महिन्यातून एकदा देऊन पाहिलं. हे अशा मुलांचं आरोग्यधाम होतं. मुलं तिथे महिनोन् महिने अंथरुणावर असत. उपाय लागू पडला आणि महिन्याची सुई जगभर गेली. पुढे लक्षात आलं की तिसरा आठवडा उलटला की अनेकांच्या रक्तातला थेंब पार आटतो. चौथा आठवडा उघडा राहतो. तैवानमध्ये बारा वर्षं चाललेल्या तुलनेत तीन आठवड्यांची सुई चार आठवड्यांच्या सुईपेक्षा सरस ठरली. भारतात, जिथे जंतू मुबलक आणि घरं दाटीची, एकवीस दिवस हाच हिशेब धरतात. 12 लाख युनिटची सुई. लहान चणीच्या मुलांना 6 लाखांची, आणि ती आणखी लवकर. युनिट हे माप ऑक्सफर्डच्या त्या चमचाभर दिवसांतलं आहे. 12 लाख ऐकायला अवाढव्य वाटतं, वजनात भरतं 900 मिलिग्रॅम, ग्रॅमही नाही.

आता किती वर्षं, हा प्रश्न. हृदय वाचलं असेल तर निदान पाच वर्षं किंवा मूल सज्ञान होईपर्यंत, यांतलं जे लांब असेल ते. झडप धरली असेल तर दहा वर्षं आणि पंचविशीपर्यंत. झडप जास्त बिघडलेली असेल तर चाळिशीपर्यंत, काहींना जन्मभर. वर्षाला सतरा सुया. दहा वर्षांच्या मुलीला चाळिशीपर्यंत पाचशेच्या वर. हा आकडा मी कधी कोणा आईला सांगितला नाही. पुढची तारीख तेवढी सांगायची.

भारतात हे दुखणं वेगळ्याच घाईने पुढे सरकतं. पाश्चात्त्य पुस्तकांत अरुंद झालेली मायट्रल झडप चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांत दिसे. दिल्लीच्या डॉ. एस. बी. रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं की आपल्याकडे ती विशीच्या आतच, कधी दहा-बारा वर्षांच्या मुलांत बंद व्हायला येते. युरोपात हा आजार पेनिसिलीनच्या आधीच ओसरू लागला होता, कारण एका खोलीत झोपणारी माणसं कमी झाली होती. सुईचा मोठेपणा मान्य करूनही हे सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने आजही जगात साडेपाच कोटी लोकांना र्‍हुमॅटिक हृदयरोग आहे आणि वर्षाला 3 लाख 60 हजार त्याने मरतात. स्ट्रेप्टोकोकसवर लस अजून बाजारात नाही.

या जुन्या सुईला अलीकडे एक मोठा पुरावा मिळाला. युगांडात शाळेच्या मुलांची सोनोग्राफीने हृदयतपासणी केली. ज्यांना काहीच त्रास नव्हता पण झडपेवर रोगाच्या सुरुवातीच्या खुणा होत्या, अशी 818 मुलं निवडली. निम्म्यांना दर चार आठवड्यांनी बेंझाथीन, निम्म्यांना काही नाही. दोन वर्षांनी सुई न घेतलेल्या 33 जणांच्या झडपा आणखी बिघडल्या होत्या, घेतलेल्यांत फक्त 3. निष्कर्ष 2021च्या अखेरीस जाहीर झाले. सत्तर वर्षांच्या औषधाला अशी चाचणी क्वचित लाभते. पेटंट संपलेल्या स्वस्त औषधाच्या चाचणीवर पैसे घालायला कोण येतो?

दुसऱ्या जंतूची गोष्ट जुनी आणि आपल्या किनाऱ्याला लागलेली आहे. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या ‘भावप्रकाशा’त ‘फिरंग’ नावाचा रोग येतो, फिरंग्यांच्या संगतीने होणारा. त्याच शतकात, 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता हे पोर्तुगीज वैद्य याच रोगावरच्या चोपचिनीची चर्चा करतात. पुढे मराठीत ‘गरमी’, ‘उपदंश’, आणि दवाखान्याच्या दारात दबक्या आवाजात ‘बाहेरचं दुखणं’. इंग्रजीत सिफिलिस. भावमिश्रांनी पाऱ्याचा रसकर्पूर सांगितला, युरोपनेही चारशे वर्षं पाराच चोळला. 1910मध्ये पॉल एर्लिख यांचं सोमलापासून बनवलेलं साल्व्हर्सान आलं. तेही विषाचाच प्रकार, फक्त मोजून दिलेला.

1943 साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर जॉन महोनी यांनी सिफिलिसच्या चार रोग्यांना पेनिसिलीन दिलं. 25 हजार युनिट, दर चार तासांनी, दिवसरात्र, आठ दिवस. 48 सुया. बेरीज करून पाहा: 12 लाख. आज अंगठ्याएवढ्या एका बाटलीत मावतात तेवढेच युनिट.

सिफिलिसचा ट्रिपोनिमा हा जंतू आळशी. इतर जंतू वीस मिनिटांत दुणावतात, याला तीस तास लागतात. गवंडी सव्वा दिवसातून एकदाच थापी उचलतो म्हणा ना. त्याचा हात धरायचा तर निदान आठवडा-दहा दिवस पेनिसिलीन सलग हजर हवं, पण थेंबभरच हवं. बेंझाथीन जणू त्याच्याच मापाने शिवलेलं. सुरुवातीच्या सिफिलिसला 24 लाखांचा एकच डोस, दोन्ही कुल्ल्यांत अर्धा-अर्धा. जुन्या दुखण्याला आठवड्याच्या अंतराने तीन. पहिल्या रात्री ताप भरतो, थंडी वाजते. मेलेल्या जंतूंचा तो धुरळा, याला यारिश-हेर्क्सहायमर प्रतिक्रिया म्हणतात. रोग्याला आधी सांगून ठेवलं नाही तर तो दुसऱ्या दिवशी औषधालाच नावं ठेवतो. जंतू मेंदूत शिरला असेल तर मात्र हा थेंब तिथवर पोहोचत नाही. शिरेतून साधं पेनिसिलीन दर चार तासांनी, म्हणजे पुन्हा महोनींचंच वेळापत्रक.

गर्भवतीला सिफिलिस असेल तर बाळाला वाचवायला बेंझाथीनला पर्याय नाही. दुसरी प्रतिजैविकं नाळेपलीकडे भरवशाने काम करत नाहीत. म्हणूनच गरोदरपणातल्या पहिल्या रक्ततपासणीत ‘व्हीडीआरएल’ ही सिफिलिसची चाचणी असते, आणि आईला पेनिसिलीनची ॲलर्जी असली तरी तिला हळूहळू सवय लावून पेनिसिलीनच देतात. प्रसूतीच्या महिनाभर आधी तरी सुई पोहोचली पाहिजे. क्युबाने हे इतक्या काटेकोरपणे केलं की 2015 साली आईकडून बाळाकडे जाणारा सिफिलिस आणि एचआयव्ही थांबवल्याची जागतिक आरोग्य संघटनेची पावती मिळवणारा तो पहिला देश ठरला.

आणि ज्यांना सुई मुद्दाम दिली नाही त्यांचीही नोंद हवी. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात टस्कीगी इथे 1932पासून 399 सिफिलिसग्रस्त कृष्णवर्णीय पुरुषांवर, उपचार न केल्यास दुखणं कसं वाढतं, याचं सरकारी निरीक्षण चालू होतं. पेनिसिलीन आलं, गल्लोगल्ली मिळू लागलं, बेंझाथीन आलं. तीन डोसांचं काम. निरीक्षण 1972पर्यंत चालू राहिलं.

ट्रिपोनिमाचा एक चुलतभाऊ जंगलात राहतो. त्याचा रोग यॉज: अनवाणी, कमी कपड्यांतल्या गरीब मुलांच्या कातडीवर तुतीच्या फळासारखे फोड, पुढे हाडं वाकणं. शरीरसंबंधाशी काही देणंघेणं नाही. भारतात तो आदिवासी पट्ट्यात होता, महाराष्ट्राचा पूर्व भागही त्यात आला. त्याची देशी नावं जमातींवरून पडली, कुठे कोया, कुठे गोंडी, कुठे माडिया रोग. जणू रोग त्या लोकांचाच. 1952पासून डझनभर वर्षं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 46 देशांत टिकाऊ पेनिसिलीनच्या सुया घेऊन मोहीम चालवली, 5 कोटी लोकांवर उपचार केले. मग यश आलंसं पाहून हात सैल पडले आणि रोग पुन्हा डोकावला. भारताने 1996-97मध्ये ओडिशाच्या कोरापुटपासून नव्याने सुरुवात केली. रोगी सापडला की त्याला आणि त्याच्या घरादाराला सुई. शेवटचा रोगी 2003 साली आढळला. 2016 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत यॉजमुक्त जाहीर केला. जगात आता यॉजसाठी ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्या देतात, सुईचं काम तिथे जवळजवळ संपलं.

एक नवल सांगायचं राहिलं. ऐंशी वर्षं झाली, अब्जावधी डोस झाले, तरी घशातला स्ट्रेप्टोकोकस आणि हा ट्रिपोनिमा, दोघेही पेनिसिलीनला निर्ढावलेले नाहीत. बाकीच्या जंतूंनी प्रतिजैविकं एकामागून एक पचवली. हे दोघे 1943मध्ये जितके हळवे होते तितकेच आज.

मग हे औषध मागे का पडतं? एक कारण भीती. पेनिसिलीनची रिॲक्शन, आणि तीही आपल्या दवाखान्यात, आपल्या हातून. पेनिड्यूर म्हटलं की पुष्कळ डॉक्टर ‘मोठ्या दवाखान्यात घ्या’ म्हणून चिठ्ठी देतात. भीती खोटी नाही, पण तिचं माप ठाऊक हवं. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत 1,790 र्‍हुमॅटिक रोग्यांना मिळून 32,430 सुया दिल्या होत्या. तीव्र ॲलर्जीचे प्रसंग चार, मृत्यू एक. 2022मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने आणखी एक गोष्ट पुढे आणली. सुईनंतर दगावलेल्यांत अनेकांची झडप आधीच फार बिघडलेली होती, आणि त्यांना ॲलर्जी झालेली नसून वेदनेने आणि भीतीने रक्तदाब कोसळून थकलेलं हृदय थांबलं असावं. म्हणून अशांना सुईऐवजी गोळ्या द्याव्यात, इतरांना पाणी पाजून, आडवं झोपवून, दुखू न देता सुई द्यावी. जागा बधिर करणाऱ्या लिग्नोकेनमध्ये कालवली तर ती बरीच कमी दुखते. ॲड्रेनलिनची कुपी मात्र हाताशी हवीच; आणि दट्ट्या मागे ओढून पाहणं कधी चुकवायचं नाही, कारण हे दूध रक्तवाहिनीत गेलं तर हृदय बंद पडू शकतं.

दुसरं कारण, औषधच मिळत नाही. इतकं स्वस्त की बनवणाऱ्याला त्यात काही सुटत नाही. 1955 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचं, पिंपरीकरांच्या ‘एच.ए. कंपनी’चं, पेनिसिलीन निघू लागलं तेव्हा युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने उभा राहिलेला तो स्वतंत्र भारताचा अभिमान होता. पुढे स्वस्त चिनी मालापुढे देशातलं साध्या पेनिसिलीनचं, म्हणजे पेनिसिलीन-जीचं, उत्पादन टिकलं नाही. जगभराचा कच्चा माल हाताच्या बोटांवर मोजता येतील अशा कारखान्यांवर येऊन ठेपला आणि त्यांतला एक अडला की दहा देशांत टंचाई. 2023मध्ये अमेरिकेतच तुटवडा पडला, तेव्हा असलेला साठा आधी गर्भवतींना द्यायचा असं ठरलं आणि फ्रान्स-पोर्तुगालची बेंझाथीन आयात करावी लागली. 2024मध्ये आंध्रातल्या काकिनाड्याला पेनिसिलीन-जीचा नवा मोठा कारखाना सुरू झाला.

एकवीस दिवसांचे तीन महिने करता येतील का, यावरही काम चालू आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये निरोगी स्वयंसेवकांच्या पोटाच्या कातडीखाली बेंझाथीनचा नेहमीच्या कितीतरी पट डोस हळूहळू सोडून पाहिला. साठा महिनोन् महिने पुरला. न्यूझीलंडमध्ये ते प्रत्यक्ष रोग्यांनाही देऊ लागले आहेत. हे आपल्या तालुक्यापर्यंत येईल तेव्हा येईल.

उमेदवारीच्या दिवसांतलीच एक बाई. वय एकवीस-बावीस, सातवा महिना, दोन पायऱ्या चढली की धाप. रात्री उशीला टेकून बसून झोपायची. गरोदरपणात रक्त दीडपट होतं आणि अरुंद झडपेतून ते पुढे सरकत नाही, मागे फुप्फुसांत साचतं. सासरच्यांना वाटलं, पोट वाढलंय म्हणून. लहानपणी सांधे धरले होते का, असं विचारल्यावर तिने सासूकडे पाहिलं आणि नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिची आई एसटीने आली ती पदराखाली प्लास्टिकच्या पिशवीत घडी पडलेलं कार्ड घेऊनच. दर एकवीस दिवसांची नोंद, नऊ वर्षं, जवळजवळ एकही चुकलेली नाही. शेवटची तारीख लग्नाच्या आधीच्या आठवड्यातली होती. ‘तिकडं कशाला सांगायचं, म्हणून कार्ड मीच ठेवून घेतलं,’ आई म्हणाली. बाळंतपणात ही सुई चालते का, अंगावर पाजताना चालते का, हे तिने कधी कोणाला विचारलं नव्हतं, आणि आम्हीही कोणी आपणहून सांगितलं नव्हतं. दोन्ही वेळा चालते. तिला मुंबईला पाठवलं, तिथे फुग्याने झडप उघडली. मूल पूर्ण दिवसांचं झालं. पुढच्या खेपेला ती आली तेव्हा कार्डावरच्या जुन्या नोंदींखाली जागा उरली नव्हती; सिस्टरनी मागच्या बाजूला रूळ लावून नवे रकाने आखून दिले.